पोतं लोकरीचं, लढाई राजाची

नमस्कार श्रोतेहो, आज मला एका पोत्याबद्दल बोलायचंय. तेराव्या-चौदाव्या शतकातलं इंग्लंडचं लोकरीचं पोतं. एका पोत्यात ३६४ पौंड, म्हणजे साधारण १६५ किलो लोकर, आणि ते भरायला दोनशेच्या वर मेंढ्या कातरायला लागायच्या. आता हिशोब करा, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या वर्षी अशी ४० हजारांच्या वर पोती जहाजात चढायची!

जायची कुठं, तर समुद्रापलीकडं फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडं, घेंट, ईप्र, ब्रुज या गावांत. तिथले माग याच लोकरीवर चालायचे. १३३६ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने निर्यात बंद केली आणि तिकडं विणकरांच्या हातचं कामच गेलं, घेंटमध्ये तर लोक स्वतःच्याच काउंटच्या, म्हणजे तिथल्या सरदार-शासकाच्या, विरोधात उठले. मेंढी इंग्लंडची, पण चूल पेटायची नाही ती घेंटची.

लोकर मठवाल्यांकडंही खूप असायची, यॉर्कशायरचा फाउंटन्सचा मठ घ्या. इटलीचे व्यापारी यायचे आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीवर आधीच पैसे देऊन जायचे, सरळ उचलच म्हणा ना. मग १२७०च्या दशकात मेंढ्यांना खरूज झाली, कळपच्या कळप गेले, लोकर कुठून देणार, आणि मठ कर्जात बुडाले. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण मेंढी अजून कातरलेली नाही आणि तिचे पैसे खर्चूनही झालेत.

व्यापारी मात्र गबर झाले. कॉट्सवोल्डमधल्या नॉर्थलीचच्या चर्चमध्ये जॉन फोर्टी नावाच्या व्यापाऱ्याची पितळी प्रतिमा आहे, १४५८ मध्ये वारला तो, त्याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या पोत्यावर.

आता राजाचं बघा. १२७५ मध्ये पहिल्या एडवर्डने पोत्यामागं ६ शिलिंग ८ पेन्स जकात बसवली, पुढं फ्रान्सशी लढाई लागली तशी ती ४० शिलिंगांच्याही वर गेली, आणि कापडावर मात्र जकात अगदी किरकोळ. झालं काय, परदेशातल्या विणकराला इंग्लिश लोकर महाग पडायला लागली, घरच्याला तीच स्वस्तात मिळायची, आणि इंग्लंडमध्ये माग वाढत गेले. राजाला फक्त लढाईसाठी पैसा हवा होता, पण पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकरीच्या जागी जहाजांत इंग्लिश कापडच जास्त भरलं जायला लागलं.