ताबा घेण्याआधीचा हिशेब

मंडळी, एखादी कंपनी विकत घेण्याचा व्यवहार फसला की खापर बहुधा 'दोन संस्कृती जुळल्या नाहीत' यावर फुटतं. तो प्रश्न खराच आहे. पण माझ्या मते बरेच व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, किंमत ठरते त्या बैठकीतच तोट्यात गेलेले असतात.

समजा, शेअर बाजारात कंपनीचं मूल्य 1,000 कोटी आहे आणि तुम्ही 1,300 कोटी मोजता. वरचे 300 कोटी विकणाऱ्याला लगेच मिळतात. तुम्हाला ते पुढे कमवायचे असतात. एकत्र आल्यामुळे करानंतर दरवर्षी 40 कोटी कायम वाचतील असं धरलं, तर 10 टक्के दराने त्यांचं आजचं मूल्य होतं 400 कोटी (उद्याचा रुपया आजच्यापेक्षा कमी मोलाचा, म्हणून 40 ला 10 टक्क्यांनी भागायचं). कागदावर 100 कोटींचा फायदा. आता हीच बचत दोन वर्षं उशिरा सुरू झाली, तर 400 चे जेमतेम 330 होतात. संगणक प्रणाली जोडणं, जादा गोदामं बंद करणं, कर्मचाऱ्यांची भरपाई यांचा एकरकमी खर्च 60 कोटी धरा. उरले 270. तीस कोटींचा तोटा झाला, आणि अजून एकही ग्राहक तुटलेला नाही! म्हणून जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा वाटाघाटींपूर्वी लिहून संचालक मंडळाकडे ठेवा. बोली चढू लागली की नव्या बचती 'सापडू' लागतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

बचत कुणाच्या होकारावर अवलंबून आहे, हेही तपासलं पाहिजे. क्वेकर ओट्सने 1994 मध्ये स्नॅपल ही पेयांची कंपनी 170 कोटी डॉलरना घेतली. स्नॅपलच्या वितरकांनी सुपरमार्केटांना माल पुरवण्याचं काम क्वेकरकडे सोपवावं आणि बदल्यात क्वेकरचं गेटोरेड हे पेय छोट्या दुकानांत पोचवावं, असा बेत होता. वितरकांनी तो मानला नाही; हातातला धंदा ते का सोडतील? 1997 मध्ये स्नॅपल 30 कोटी डॉलरना विकावी लागली.

तेव्हा बचतीच्या प्रत्येक ओळीसमोर जबाबदार माणसाचं नाव, तारीख आणि कुणाची संमती लागेल ते लिहा. मालकी बदलल्यास करार मोडण्याची मुभा कोणत्या ग्राहकांना आहे, ते सही करण्याआधी वाचा. पुढे एकत्रीकरण ज्याच्या गळ्यात पडणार, तो माणूस ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे खरेदीआधी कंपनीची कसून तपासणी करणाऱ्या, चमूत पहिल्यापासून हवा. नाहीतर आकडे एकाचे आणि निस्तरणं दुसऱ्याचं. काय बदलायचं नाही, तेही लेखी ठरवा. 2006 मध्ये पिक्सार हा ॲनिमेशनपटांचा स्टुडिओ घेताना डिस्नेने अशी यादी मान्य केली होती, आणि तो स्टुडिओ वेगळाच ठेवला.

किमतीचा काही भाग पुढच्या नफ्यावर द्यायचा असेल, तर मात्र जपून. ज्या संस्थापकाचे पैसे त्याच्या विभागाच्या नफ्यात अडकलेत, तो विक्री विभाग किंवा हिशेबाची प्रणाली एकत्र करायला विरोधच करणार. अशा वेळी मुदत एका वर्षाच्या आसपास ठेवा, किंवा रक्कम नफ्याऐवजी ग्राहक टिकण्याशी बांधा.