पठारावरचे सातशे फूट

(दृश्य: बेळगावचा सांबरा विमानतळ, जुलै. कुंपणापलीकडे भाताची लावणी चालू आहे.)

सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान नुसतं उभं आहे. चाकं जमिनीला टेकलेली आहेत, तरी पायलटसमोरचा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, जवळपास २,५०० फूट दाखवतो. आणि तेच बरोबर आहे. तो उंची मोजतो समुद्रसपाटीपासून, आणि आपलं बेळगाव वसलंय पठारावर. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलाने इथे तळ उभारला, तेव्हापासून इथे उतरणाऱ्या प्रत्येकाला हे ध्यानात ठेवावं लागलं आहे.

अल्टिमीटर खरं तर उंची मोजतच नाही, तो मोजतो हवेचा दाब. वर जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून तो फूट सांगतो. खूप उंचावर सगळी विमानं एकच ठरलेला दाब लावून उडतात: १०१३ हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक). उतरताना मात्र त्या गावचा, त्या घडीचा दाब लावायचा असतो. तो आकडा कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा माणूस, रेडिओवर सांगतो आणि पायलट बटण फिरवून तो बसवतो.

आता पावसाळा धरा. या दिवसांत इथला दाब १०१३ च्या बराच खाली असतो. समजा तो १००६ आहे, आणि घाईत बटण फिरवायचं राहून गेलं. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे सातला जवळजवळ २०० फूट. यंत्र सांगतं त्यापेक्षा विमान २०० फूट खाली आहे, आणि ढगात बसलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नाही. पश्चिमेचा वारा असला की विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणजे पंत बाळेकुंद्रीच्या बाजूने येतं. खाली घरं आहेत, शेतं आहेत, माणसं कामात आहेत. विमानात कुणी मराठा रेजिमेंटच्या सेंटरला निघालेला जवान असेल, कुणी लेकीकडून परतणारी आई असेल.

(दृश्य: जुनी वृत्तपत्रं.)

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० बेंगळुरूला उतरत होतं. विमानात १४६ माणसं होती. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर ते आदळलं आणि ९२ जण गेले. चौकशीने जी शक्यता मांडली ती ऐकून अंगावर काटा येतो. कॅप्टनला विमान मिनिटाला ७०० फूट वेगाने खाली आणायचं असावं. पण त्या वेगाच्या बटणाऐवजी शेजारचं, उंचीचं बटण फिरलं असावं. म्हणजे यंत्राला हुकूम गेला, ७०० फुटांपर्यंत उतर. बेंगळुरूची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट वर! आपल्या पठारावर ७०० फूट म्हणजे जमिनीच्या पोटात. इंजिनं मंद झाली, वेग घटत गेला, आणि ते ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेली होती.

सहा वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात धडकली. दिल्लीत उतरायला निघालेल्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, आणि नुकतंच उडालेलं सौदी विमान १४,००० वर होतं. मध्ये हजार फूट अंतर राहायला हवं होतं. कझाक विमान १५,००० वर थांबलंच नाही, खाली येत राहिलं. त्या विमानात कंट्रोलरशी बोलायचा रेडिओ ऑपरेटर. त्याच्यापुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता, पायलटच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. आकडा एकाने ऐकायचा, विमान दुसऱ्याने चालवायचं. आणि दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

मला त्या पायलटांना बेफिकीर म्हणणं पटत नाही. आकडा एका तोंडातून दुसऱ्या कानात जातो, तिथून बोटात, बोटातून यंत्रात. या वाटेवर तो कुठेही बदलू शकतो, आणि म्हणून राखण प्रत्येक टप्प्यावर लागते.

त्यातली एक राखण म्हणजे पायलटने आकडा कंट्रोलरला परत म्हणून दाखवणं. पण तेवढ्याने भागत नाही. मे २०२२ मध्ये पॅरिसला कंट्रोलरच दाब १००१ ऐवजी १०११ बोलून गेली. पायलटनी तोच आकडा इमानाने परत म्हटला. पावसात विमान जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आलं. धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी ते वर उचललं, आणि सगळे वाचले. विमानतळाच्या ध्वनिमुद्रित सूचनेत मात्र १००१ हाच आकडा होता. तो ताडून बघायला हवा होता.

दुसरी राखण यंत्राची: दादरीनंतर भारताने प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली.

(दृश्य: कॉकपिट. बटणावरचा हात, आकड्याकडे रोखलेलं बोट.)

कंट्रोलर म्हणतो, अमुक उंचीपर्यंत उतरा. एक पायलट ते परत म्हणतो. ती उंची समोरच्या यंत्रावर आकड्याच्या चौकटीत बसवली जाते, दुसरा तिच्याकडे बोट करून मोठ्याने वाचतो. ठरलेली उंची गाठायला हजार फूट उरले की पुन्हा आवाज: "हजार बाकी." खात्री नसेल तर रेडिओवर विचारायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

सांबऱ्यातही वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं आहे. आपल्याकडची मुलं मोठ्यांपुढे बोलायला बिचकतात, घरचं वळणच तसं असतं. कॉकपिटमध्ये मात्र नव्या को-पायलटने वीस वर्षांचा अनुभव असलेल्या कॅप्टनला म्हणायचं असतं, "सर, आकडा परत बघा." आणि कॅप्टनने आधी तो आकडा बघायचा, बोलायचं नंतर. दोघांनाही हे शिकवलं जातं, आणि दोघांकडूनही त्याचा सराव करून घेतला जातो.