कण्या, चवळी आणि बेने

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

तिळगूळ वाटण्यापूर्वी दहा मिनिटे बोलण्याची आज्ञा झाली आहे. उपाशी श्रोत्यांपुढे खाण्याविषयी बोलणे धोक्याचे असते याची मला जाणीव आहे. तरीही विषय तोच निवडला आहे.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे मित्र अटलांटाजवळच्या डिकेटरमध्ये नव्याने उघडलेल्या एका दक्षिणी पद्धतीच्या उपाहारगृहात रविवारच्या ब्रंचला गेलो. दक्षिणी म्हणजे इडली-डोशाचे नव्हे, तर जॉर्जिया, कॅरोलिना, अलाबामा या भागांतले. मला अटलांटा परिसरात येऊन एकोणीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी या जेवणाच्या वाटेला गेलो नव्हतो, कारण ‘तिथे आपल्याला खाण्यासारखे काही नसते’ हे वाक्य मी इथे आल्या आल्या ऐकले होते आणि माझ्यामागून आलेल्या प्रत्येकाला तेच इमानेइतबारे ऐकवत आलो होतो.

चर्च सुटण्याची वेळ असल्यामुळे पाऊण तास बाहेर ताटकळावे लागले. आत गेल्यावर पहिल्यांदा आले ते ग्रिट्स. खोलगट वाडग्यात पांढरा, दाटसर, रवाळ पदार्थ होता. मधोमध केलेल्या खळग्यात लोण्याचा गोळा वितळत कडेकडेने झिरपत होता आणि वर भरड मिरपूड पेरलेली होती. आमच्यातल्या सोलापूरच्या मित्राने एक चमचा तोंडात घातला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “अरे, या तर कण्या आहेत.” त्याच्या आजीच्या कण्या ज्वारीच्या असत आणि वर गार ताक असे, इथे मका होता आणि लोणी होते, फरक तेवढाच. दगडी जात्यावर भरडलेला हा मका मंद आचेवर, मधूनमधून ढवळत, पाऊण ते एक तास शिजवावा लागतो. पाकिटातले झटपट ग्रिट्स घरी आणून नाके मुरडणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हे लक्षात घ्यावे. मका भरडून असा शिजवण्याची रीत मुळात मस्कोगी आणि इतर आदिवासींची आहे. जॉर्जियाने तर 2002 साली ग्रिट्सला राज्याचा अधिकृत शिजवलेला पदार्थ ठरवले. आमच्या एका मित्राने त्यावर साखर मागितली, तेव्हा वाढणाऱ्या वयस्कर बाईंनी ती आणून दिली आणि आपण काही पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने दुसरीकडे वळल्या. मीठ की साखर हा वाद इथे आपल्या पुरणपोळीबरोबर दूध की कटाची आमटी या वादाइतकाच जुना दिसतो.

मग बिस्किटे आली. पार्ले-जी विसरून जा. ही ताक आणि सोडा घालून फुगवलेली, बोटांनी पदर सुटावेत अशी मऊ पावासारखी वस्तू असते. तिच्यावर ओतायला जी गडद काकवी होती, तिचे नाव सॉर्गम. सॉर्गम म्हणजे आपली ज्वारी. गोड जातीच्या ज्वारीची ताटे चरकातून पिळून, रस आटवून ही काकवी करतात आणि उत्तर जॉर्जियातल्या ब्लेअर्सव्हिल गावात शरद ऋतूत तिचा उत्सवही भरतो. इतकी वर्षे भाकरीचे पीठ शोधत मी भारतीय दुकाने पालथी घालत होतो आणि ज्वारी दोन तासांच्या अंतरावर उसासारखी पिळली जात होती.

तिसरी ओळखीची वस्तू चवळी. भातात शिजवलेल्या चवळीला इथे हॉपिन जॉन म्हणतात आणि वर्ष चांगले जावे म्हणून 1 जानेवारीला ती आवर्जून खातात.

इथे एक गफलतही झाली. कॉलर्ड नावाची पालेभाजी शाकाहारी आहे का, असे आमच्या शाकाहारी मित्राने विचारले आणि उत्तर ‘हो’ असे मिळाले. दोन घास पोटात गेल्यावर धुराचा वास आला आणि चौकशी केली तेव्हा भाजी डुकराच्या धुरावलेल्या हाडाबरोबर शिजवली असल्याचे कळले. यात फसवणूक नव्हती. चवीपुरते घातलेले मांस इथल्या स्वयंपाकात मांस म्हणून मोजलेच जात नाही. तेव्हा ‘शाकाहारी आहे का’ एवढ्यावर थांबू नये. भाजी कशात शिजवली, बिस्किटात लोणी आहे की डुकराची चरबी, भेंडी कोंबडीच्याच तेलात तळली का, असे एकेक करून विचारावे. मित्राने ताटली सरकवली आणि उरलेला वेळ कण्यांवर काढला.

चवळी आणि ज्वारी ही दोन्ही मुळात आफ्रिकेची पिके. फार प्राचीन काळी ती आपल्याकडे आली आणि सोलापूरची, विदर्भाची होऊन गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत चवळी पोहोचली ती गुलामांच्या जहाजांबरोबर. ज्या जेवणाला आज आपण कौतुकाने दक्षिणी म्हणतो, ते बरेचसे त्या गुलाम माणसांनी, विशेषतः बायकांनी, दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभे राहून घडवलेले आहे. हे ठाऊक असताना पुढ्यातला घास नुसता ‘चविष्ट’ म्हणून गिळता येत नाही, निदान मला तरी आला नाही.

तिळाचा प्रवास मात्र उलट दिशेचा. तीळ आपल्या उपखंडात लागवडीला आला, तिथून आफ्रिकेत गेला आणि पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांनी तो कॅरोलिनात आणला. तिथे त्याला अजूनही ‘बेने’ हे आफ्रिकी नाव आहे. अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनीही मॉन्टिसेलोच्या आपल्या मळ्यात तो लावून त्याचे तेल काढून पाहिले होते. चार्ल्स्टन शहरात तीळ, लोणी आणि गडद साखर यांची पातळ, कुरकुरीत चकती भाजतात. तिला बेने वेफर म्हणतात आणि बिल देऊन निघताना त्या बाईंनी आम्हाला तीच एकेक हातावर ठेवली. चावल्यावर साखरेचा किंचित करपट गोडवा आणि मागून तिळाचा तेलकट खमंगपणा येतो. सोलापूरच्या मित्राचे म्हणणे असे की, ही वेलची विसरलेली तिळाची वडी आहे.

काल पुन्हा जाऊन मी त्या चकत्यांचे दोन डबे आणले आहेत. ते तिळगुळाच्या परातीशेजारी ठेवले आहेत. त्यात लोणी आहे, चरबी नाही; हे मी या वेळी तीनदा विचारून घेतले आहे.