मागचे स्पीकर गेले नाहीत, फाईल गेलीय!

मंडळी, आधी हे ऐका.

(मागचा डावा स्पीकर माईकजवळ धरायचा. पाच सेकंद.)

पाण्याखालून कुणीतरी शिट्ट्या मारतंय असं वाटतंय नव्हं? हा स्पीकर आमच्या मामांच्या होम थिएटरचा, कोल्हापुरात राजारामपुरीतला. परवा त्यांचा फोन आला, "अरं, मागचे दोन्ही गेले बघ. दुकानदार म्हणतोय नवी जोडी घ्या." म्हटलं, मामा, दोन्ही एकाच दिवशी कसे जातील? थांबा, येतो.

गेलो तर पेनड्राइव्हवर खासबागेतल्या कुस्तीचं रेकॉर्डिंग चाललेलं. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३. आणि ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर अक्षरं, 'प्रो लॉजिक टू'. निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

एमपी३मध्ये चॅनल दोनच, डावा नि उजवा. मग मागच्या स्पीकरला आवाज येतो कुठनं? प्रो लॉजिक म्हणजे दोन चॅनलमधनं पाच स्पीकरचा आवाज काढायची युक्ती. ते दोन्ही चॅनल ताडून बघतं. दोन्हीकडं सारखं असेल ते मधल्या स्पीकरला. जे जुळत नाही, त्यातलं बरंचसं मागं. म्हणजे हलगी आणि कॉमेंट्री समोर, गोल बसलेल्या पब्लिकचा कल्ला पाठीमागं. डोकं भारीच लावलंय, पण त्याला माल चांगला लागतो.

आता एमपी३ची लबाडी बघा. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात. १२८ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. एवढं कापायचं तर कानाला फसवावंच लागतं. हलगी कडाडत असताना शेजारचा गडी शेंगा फोडतोय, ते ऐकू येतं का तुम्हाला? नाही. मग एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, तो भाग ढोबळ लिहितो. त्यात जी खरखर तयार होते, ती हलगीच्या आडोशाला लपते. दोन स्पीकरवर हे बऱ्यापैकी खपून जातं.

पण प्रो लॉजिकनं हलगी उचलून समोर नेली आणि खरखर मागं पाठवली. आडोसा टीव्हीजवळ, लपणारा सोफ्यामागं. उघडा पडणारच की!

त्यात आणखी एक हात मारलेला असतो. जागा कमी असली की एन्कोडर डावं-उजवं वेगळं लिहीत नाही. दोघांची बेरीज एक आणि वजाबाकी एक, असं लिहितो. बहुतेक बिट बेरजेला जातात, वजाबाकीला उरलंसुरलं. आणि मागच्या स्पीकरचं पोट नेमकं वजाबाकीवर!

घरी करून बघा. ऑडॅसिटी फुकट मिळतं. गाणं उघडा, स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोत फोडा, एक उलटा करा, दोन्ही मिसळा. समोरचा गायक बहुतेक गायब होतो आणि उरतं ते मागच्या स्पीकरचं खाद्य. आधी १२८चं ऐका, मग सीडीवरनं थेट घेतलेलं. (दोन्ही वाजवायचे. मध्ये काही बोलायचं नाही.)

आणि हो, १२८ची फाईल ३२०ला कन्व्हर्ट करून काही होत नाही. ताकाचं परत दूध होत नसतं.

खऱ्या फाइव्ह पॉइंट वनचं, म्हणजे पाच स्पीकर नि एक वूफर अशा सहा चॅनलच्या आवाजाचं काय? डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटलपण कापलेलंच असतं, सहा चॅनल मिळून जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस. टाळ्या, पाऊस असलं काही आलं की त्याचीही दमछाक होते. पण तिथं मागचा चॅनल म्हणून स्वतंत्र लिहिलेला असतो, वजाबाकीतनं उकरून काढलेला नसतो. त्यामुळं मी त्याला फारशी नावं ठेवणार नाही.

फक्त टीव्हीची सेटिंग बघा. डिजिटल ऑडिओ आउटला 'पीसीएम' असेल तर ऑप्टिकल वायरीतनं दोनच चॅनल जातात. म्हणजे अस्सल फाइव्ह पॉइंट वन घेऊन आलात आणि दारातच त्याचं स्टिरिओ केलंत. 'बिटस्ट्रीम' ठेवा, म्हणजे आहे तसं पुढं जातं. टीव्हीवरनं साउंडबारला ब्लूटूथनं जोडत असाल तर सहसा तिथंही दोनच चॅनल, वर आणखी एकदा कात्री.

मामांचं काय झालं? मूळ डब्ल्यूएव्ही, म्हणजे काहीच न कापलेली फाईल मावसभावाच्या रेकॉर्डरमध्ये अजून होती. तीच लावली. पब्लिकमधनं कुणीतरी ओरडला, तसं मामांनी दचकून मागं बघितलं. मागं मामीच चहा घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, "आवाज कमी करा आधी."