प्रार्थनेतला टोमणा

(ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कुटुंब सप्ताहात झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी, महिला मंडळाच्या माझ्या मैत्रिणी, आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसलेला तरुण संघ. तुम्ही तिथेच का बसलात ते मला कळतं. माझा जन्म वर्गात शिकवण्यात गेलाय.

पत्रिकेवर विषय छापलाय 'देवावरचा भरवसा आणि आपलं कुटुंब'. त्यावर मी बोलणार आहे, काळजी नसावी. पण एक तक्रार कित्येक वर्षं माझ्या पोटात आहे, आणि आज ऐकायला तुम्ही आयतेच सापडलात. तेव्हा आधी ती.

तक्रार अशी, की आपल्या घरांतून संध्याकाळची जी प्रार्थना होते, ती निम्मी देवाला नसतेच. ती समोर मांडी घालून बसलेल्या माणसाला असते.

मी लग्न होऊन ऐरोलीला आले तेव्हा सिडकोच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं होतो. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, आम्ही. घराणं मूळचं नगरकडचं, म्हणजे जुन्या मिशनच्या मुलखातलं, त्यामुळे प्रार्थना चुकायची नाही. चटई अंथरायची, आधी गीत, मग वचन, मग ओळीने एकेकाची प्रार्थना. सासूबाई सुरुवात करायच्या. "हे दयाळू स्वर्गीय बापा, तू आम्हाला आजचा दिवस दाखवलास, तुझे आभार मानते. आणि बापा, या घरात दूध गॅसवर ठेवून गॅलरीत बोलत उभं राहायची ज्यांना सवय आहे, त्यांना सुबुद्धी दे." आता त्या 'ज्यांना'मध्ये नऊ माणसांतली कोण बसते, हे शेजारच्या बिऱ्हाडालाही माहीत होतं. पुढची पाळी जाऊबाईंची. त्या म्हणायच्या, "प्रभू, ज्यांना लहानसहान गोष्टींनी त्रास होतो, त्यांच्या मनाला शांती दे." झालं. देव बिचारा मधल्या मध्ये.

कमाल आमच्या धाकट्याने केली. असेल दहा-अकरा वर्षांचा. त्याची पाळी आली तशी हात घट्ट जोडून म्हणतो, "येशूबाबा, मला गणितात बारा मार्क पडलेत. हे पप्पांना कळू दे, पण राग येऊ नको देऊ." सगळ्यांचे डोळे मिटलेले. यांचा एक उघडला. पण करतात काय? प्रार्थना चालू आहे! पोराने सगळी योजना ओळखली होती. या घरात अवघड गोष्ट सांगायची तर चटईवर सांगायची, तिथे कोणी उलटून बोलू शकत नाही.

हसताय ते ठीक आहे, पण खरी मेख इथेच आहे. तोंडावर बोललं तर उत्तर येतं. "तुम्हीच मला मागच्या आठवड्यात काय म्हणालात" असं येतं. प्रार्थनेत येत नाही. उलट ज्याला टोमणा बसला, त्यालाच शेवटी 'आमेन' म्हणावं लागतं! इतकी सोय सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नाही. तो बोर्डावर 'काही सभासद कुंडीचे पाणी खाली सोडतात' अशी नाव न घेता नोटीस लावतो, पण निदान दुसऱ्या मजल्यावरचे जोशी खाली येऊन भांडू तरी शकतात.

आता चटई गेली, व्हॉट्सअ‍ॅपचा प्रेयर ग्रुप आला. 'माझ्या सुनेसाठी कृपया प्रार्थना करा, तिच्या स्वभावात बदल व्हावा.' खाली एकवीस जणांचे जोडलेले हात. सून ग्रुपमध्ये नसते, पण तिची मावशी असते. अशा विनंतीला आपल्यात 'ओझं' म्हणतात. प्रभू, हे ओझं तुझ्या चरणी! चरणी कसलं, ते आधी मीरा रोडला पोहोचतं, मग डोंबिवलीला.

ही सवय काही आपण लावलेली नाही. एदेन बागेत देवाने जाब विचारला, तेव्हा आदामाने काय केलं? "तू जी स्त्री मला दिलीस, तिने मला फळ दिलं." एका वाक्यात बायकोला टोमणा आणि देवालाही. लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, कशाबद्दल? तर 'मी या जकातदारासारखा नाही' याबद्दल. आभाराची प्रार्थना, आणि बोट शेजारच्याकडे. आणि मार्था! मार्था आपल्या सगळ्या बायकांची लाडकी, माझीही. घरात पाहुणे, चुलीपाशी एकटी ती, बहीण मरीया बाहेर निवांत येशूचं ऐकत बसलीये. मार्था मरीयेला हाक मारत नाही. ती येशूकडे येते आणि म्हणते, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, तिला सांगा कामाला हात लावायला. बहीण तिथेच दोन हातांवर! आणि येशू काय करतो? तो तिचा निरोप पोहोचवत नाही. "मार्था, मार्था" म्हणतो आणि तिच्याच काळजीबद्दल तिच्याशी बोलतो. या भागावर 'सेवा मोठी की भक्ती मोठी' अशी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली. निरोप अडवला गेला, हे कोणी सांगत नाही.

आता ठाण्यात आलेच आहे तर ठाण्याची एक गोष्ट सांगते. पाळकसाहेब घड्याळाकडे बघतायत, पण ही मी सोडणार नाही.

तलावपाळीच्या जुन्या चर्चकडे बघून आपण म्हणतो, ख्रिस्ती धर्म ठाण्यात पोर्तुगिजांबरोबर आला. तसं नाही. त्यांच्या कितीतरी आधी, 1321 साली, फ्रान्सिस्कन संघाचे चार साधू, म्हणजे 'बंधू', ठाण्याला उतरले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि डिमेट्रियस. त्यांच्या आधीही इथे ख्रिस्ती घरं होती, नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथाची, जेमतेम पंधरा. त्यातल्याच एका घरी हे चौघे उतरले. थोड्याच वर्षांनी ओदोरिक नावाचा त्यांचाच एक बंधू इथे आला, त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनला गेला, आणि परत मायदेशी पोहोचल्यावर 1330 मध्ये त्याने सगळा प्रवास सांगून लिहवून घेतला. म्हणून आपल्याला हे कळतं.

ओदोरिक सांगतो, हे पाहुणे घरात असताना यजमान नवरा-बायकोचं भांडण झालं. संध्याकाळी नवऱ्याने बायकोला बेदम मारलं. ती काझीकडे गेली. काझीने विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, आमच्या घरी चार फ्रँक, म्हणजे युरोपी, पाद्री उतरलेत, त्यांनी पाहिलंय. तेव्हा त्यांना बोलावलं गेलं. तिथे साक्ष राहिली बाजूला आणि बोलणं धर्मावर गेलं. पुढे त्या चौघांचा जीव गेला. हुतात्मे म्हणून जगभर त्यांचं नाव आहे, ठाण्यात किती जणांना माहीत आहे ते हात वर करा. बघा. पाळकसाहेब, तुमचा हात अर्धाच वर आहे.

मला मात्र हुतात्म्यांइतकीच त्या बाईची आठवण येते. तिचं नाव ओदोरिकने दिलेलं नाही. सातशे वर्षांपूर्वी, पंधरा घरांच्या त्या वस्तीत, घरात चार-चार धर्मपुरुष मुक्कामाला असताना तिने मार खाल्ला, आणि ती उठून सरळ काझीकडे गेली. 'घरातलं घरात ठेव, प्रार्थना कर, प्रभू त्याला बदलेल' असं तिला कोणी म्हणालं असेलच. ती थांबली नाही. बरोबर केलं. इथे मी अजिबात गंमत करत नाहीये. घरात कोणी हात उचलत असेल तर तो चटईवरचा विषय नाही. त्यासाठी 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, 181 नंबर आहे, पोलीस चौकी आहे. सहन करण्याला आपल्या मंडळ्यांनी फार दिवस 'विश्वास' हे नाव दिलं. तो विश्वास नव्हे. ती शेजारी काय म्हणतील याची भीती आहे, आणि तीही बहुतेक वेळा मार खाणारीपेक्षा आजूबाजूच्यांनाच जास्त असते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. साडेआठला इथे साखरपुडा आहे, डेकोरेशनवाले जिन्यात उभे आहेत. बरं, मग विषय घेते. भराभर.

भरवसा म्हटलं की आपण मत्तयचा सहावा अध्याय उघडतो. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, उद्याची काळजी करू नका. कॅलेंडरवर छापायला सुंदर. पण हेच बोलणं लूकमध्येही आहे, बाराव्या अध्यायात, आणि तिथे ते कशावरून निघालं ते पाहा. गर्दीतून एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनातला माझा वाटा मला दे म्हणून. भावाला सांगा! पुन्हा तेच. येशू म्हणतो, मला तुमच्यात वाटणी करायला कोणी नेमलं? मग तो मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंत माणसाचा दाखला देतो. त्या दाखल्यात घरचं एकही माणूस नाही, हे लक्षात घ्या. तो स्वतःशीच बोलतो, 'जीवा, आता आराम कर'. आणि लगेच पुढे शिष्यांना, 'ह्यास्तव मी तुम्हाला सांगतो, काळजी करू नका, कावळ्यांकडे पाहा, त्यांना कोठी नाही की कोठार नाही, तरी देव त्यांना खायला देतो'. आणि कावळा म्हणजे बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या यादीतला अशुद्ध पक्षी बरं का.

म्हणजे काळजी करू नका हे वचन भावाभावांच्या वाटणीतून निघालंय. ठाण्यात आज कुठल्या घरात हा विषय नाही? वडिलांची जुनी खोली रिडेव्हलपमेंटला गेली की सख्खे भाऊ ख्रिसमसला एकमेकांकडे जायचे बंद होतात. वाटा मागू नका असं मी म्हणत नाही, येशूही म्हणत नाही. मृत्युपत्र नसेल तर आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना आणि मुलींना सारखं. मुलींनाही, दादालोकहो. मागायचं ते भावासमोर बसून मागा, कागद दाखवून मागा. 'प्रभू, माझ्या भावाचा लोभ काढून टाक' असं देवाच्या मार्फत मागू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. टोमण्याची प्रार्थना ही भरवशाची कमतरता आहे, दोन्हीकडून. देवाने काय करायचं, कोणाला करायचं, कधी करायचं, हे मी आधीच ठरवलेलं असतं, देव फक्त माझा लाऊडस्पीकर. आणि समोरच्या माणसावरही माझा भरवसा नसतो की सरळ सांगितलं तर तो ऐकेल. देवावर खरंच सोपवलं असेल तर मला चटईवर फक्त माझंच सांगायला उरतं. मला भीती वाटते. मला राग आलाय. पगार पुरत नाही, आईची औषधं महाग झालीत, मला रात्री झोप लागत नाही. आणि दुसऱ्याचं जे आहे ते आधी दुसऱ्याशी. मत्तय पाच, तेवीस-चोवीस: वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. अर्पण थांबू शकतं तर आपली आठची प्रार्थना सव्वाआठला होऊ शकते.

मुलांचा मुद्दा राहतोय, तो दोन वाक्यांत. मुलगी कॉलेजला गेली, मंडळीत यायची बंद झाली, की घरात तिच्यावर रोज प्रार्थना सुरू होते, तिच्या देखत. ती आणखी लांब जाते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली बरीच वर्षं संसार दुभंगलेला होता, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या. टिळकांसारख्या तापट माणसाला थांबता आलं, तर आपल्यालाही मुलीला दोन-चार वर्षं द्यायला हरकत नाही. तिला विचारा, जेवलीस का. वचनं नंतर.

एक चिठ्ठी प्रश्नाची आहे, तेवढी घेते, नाव वाचत नाही. 'सासूबाईंची प्रार्थना फार लांबते, मुलं बसल्या जागी झोपतात, त्यांना उठवावं का?' नका उठवू. स्तोत्र 127 बघा, घर बांधण्याचंच स्तोत्र आहे. परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, पहाटे उठणं आणि रात्री उशिरा बसणं व्यर्थ, आणि तो आपल्या प्रियजनांना झोप देतो. त्या चटईवर सगळ्यात जास्त भरवसा कदाचित त्या पोरांचाच असेल. सासूबाईंना मात्र 'आई, थोडं आटोपतं घ्या' हे तुम्ही स्वतः सांगा. त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्यात आणि चिठ्ठी माझ्याकडे पाठवलीत, हे काही बरोबर नाही.