'नाशिकला जाऊन येतो'

नाशिकरोडचा माणूस खरेदीला शालिमारकडे निघाला की घरात काय सांगतो? 'नाशिकला जाऊन येतो.' राहतो नाशिक महापालिकेच्या हद्दीत, घरपट्टीही तिथेच भरतो, तरी हा नाशिकला 'जातो'. मंडळी, ही बोली उगाच पडलेली नाही. आपलं स्टेशन गावात नाही, इथूनच सगळं सुरू होतं.

'रोड' हा रेल्वेचा जुना शिरस्ता. गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे झालं की गावाच्या नावापुढे रोड लावायचं. म्हणजे इथे उतरा, गावाचा रस्ता इथून फुटतो. वसई रोड, सावंतवाडी रोड तसेच. आजचं कुर्डुवाडी एके काळी 'बार्शी रोड' होतं. बार्शी लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला मुंबईहून पठारावर चढायचं होतं ते वऱ्हाडच्या कापसासाठी आणि पुढच्या मुलखासाठी. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, एक हलका धक्का बसतो आणि झोपलेला माणूस डोळे उघडून म्हणतो, 'घाट आला.' आपण त्याला 'बँकर लागला' म्हणतो. इगतपुरीला वर आलेली लाइन घोटी, लहवित, देवळाली करत निफाड, लासलगाव, मनमाडकडे जाते. तिला भुसावळ गाठायचं होतं. नाशकातल्या रामकुंडाशी तिला काही कर्तव्य नव्हतं. यात्रेकरू मात्र रामकुंडासाठीच यायचा. तो उतरायचा आणि पुढे आठ-दहा किलोमीटर, बरंचसं जंगल. टांगा मिळाला तर मिळाला.

आता ट्राम. नाशिकला ट्राम होती म्हटलं की तरुण मुलं हसतात. १८८९ साली सुरू झाली. मेन रोडवर महापालिकेची जुनी इमारत आहे ना, तिथून थेट नाशिकरोड स्टेशन. दोन डबे, चार घोडे. घोडेच ओढणार तर रूळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी अडतं. खडीच्या रस्त्यावर जेवढं ओढताना घोडा फेसाळतो, त्याच्या कितीतरी पट तो रुळावर ओढून नेतो. दोन रुळांतलं अंतरही कमी, अडीच फूट: खर्च कमी आणि वळणं सोपी.

या ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हेच गृहस्थ पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे गाजले. १८९७ ची ती लाइन, रूळ पुन्हा अडीच फुटांचेच. स्टेशनापासून लांब राहिलेल्या गावाला अरुंद रुळांनी जोडायचं, हे काम ते बार्शीआधी नाशिकला करून बसले होते. अरुंद रुळांच्या इतिहासात बार्शीचं नाव मानाने घेतात, आपलं कुणी घेत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं. (म्हातारपणी या माणसाने विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवली. रुळावरून थेट आभाळात!)

दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी ट्राम तोट्यात गेली, आणि १९३१ ते ३३ च्या दरम्यान बंद पडली.

तोवर स्टेशनाभोवतीच एक गाव उभं राहिलं होतं. १९२५ ला सरकारी तिकिटं-स्टॅम्प छापणारी सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ ला नोटांची प्रेस. त्याआधी आपल्या नोटा विलायतेहून छापून यायच्या. नाशिकची पहिली नोट पाच रुपयांची. प्रेसचा भोंगा, प्रेसची वसाहत, प्रेसचा पगार. प्रेसमधल्या माणसाला नाशिकची गरज रोज पडतच नव्हती. नाशिकरोड-देवळालीची नगरपालिकाही वेगळी, ती १९८२ ला महापालिकेत आली. कागदावर गावं एक झाली, 'नाशिकला जातो' काही सुटलं नाही. १ नोव्हेंबर १९७५ पासून मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस धावू लागली आणि पासवाल्यांना तर सकाळी मुंबई जवळची आणि पंचवटी लांबची झाली. गाडीचं नाव पंचवटी, हे विशेष.

आता मेट्रो निओ. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. वर विजेची तार, खाली रबरी टायर. एक मार्ग गंगापूर ते नाशिकरोड. १८८९ चंच दुखणं, औषध नवं. औषध अजून कागदावरच आहे, तोवर स्टेशनाबाहेर रिक्षावाले आहेत. 'शालिमार, शालिमार, एक सीट!' म्हणतात, आणि त्या एका सीटवर दोघं बसतात.

जाता जाता एक काम सांगतो. जुन्या नाशकातल्या कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत ट्रामचं तिकीट निघालं, तर रद्दीत घालू नका. मला फक्त एकदा हातात धरून पाहायचंय.