रोज चालवायची हॉट रॉड: चेसिसला हात लावण्याआधी

राम राम मंडळी! हॉट रॉड करायला महिंद्राची जुनी जीप, एमएम 540, हाताशी आली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कुठून कापायची?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: कापायचीच नाही.

हॉट रॉड हा मुळात अमेरिकेतला शौक. 1932 ची फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढायचे, छप्पर कापून बुटकं करायचं, तगडं इंजिन बसवायचं. त्या फोर्डची चेसिस उघड्या सी-चॅनलची, म्हणजे एका बाजूने उघड्या, इंग्रजी C सारख्या पट्टीची. जोरदार व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवलं की पिळायची, म्हणून आतून पट्टी वेल्ड करून चॅनल बंद करायची पद्धत पडली. आपल्या 540 मध्ये आहे प्युजोचं 2112 सीसीचं डिझेल. ते काय चेसिस पिळणार? कसारा घाट चढताना स्वतःचाच जीव सांभाळतं बिचारं.

आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने मूळ जे तपशील दिलेत आणि आरसीवर जे आहेत, त्यांच्याशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. दंड प्रत्येक बदलामागे 5000 रुपये, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तोच, इंजिन तेच, आणि चेसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवायचा नाही. शंका असेल तर काम सुरू करायच्या आधी नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत लेखी विचारा. पासिंगच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आता मोजमाप. बॉडी उतरवा, चेसिस सपाट फरशीवर स्टँडवर ठेवा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) चारही हँगरमधून, म्हणजे पाटे चेसिसला जिथे टांगतात त्या कंसांमधून, ओळंबा सोडा, खाली खडूने खूण करा, आणि दोन्ही कर्ण मोजा. 5-6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चेसिस तिरकी झालीय. आधी ती सरळ करून घ्या. तिरक्या चेसिसवर नवे पाटे, नवे बुश टाकणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं.

तडे कुठे शोधायचे? स्टिअरिंग बॉक्सची जागा, हँगर, क्रॉसमेंबरचे (चेसिसच्या आडव्या दांड्यांचे) जोड. वायर ब्रशने लोखंड उघडं करा, रंगाखाली तडा लपतो. तडा सापडला तर त्याच्या टोकाला छोटं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग वेल्ड, त्यावर चेसिसच्याच जाडीची पट्टी. पट्टीची टोकं तिरकी कापा. सरळ उभी कापलीत तर वेल्डच्या रेषेवरच नवा तडा येतो. वेल्डिंग एका दमात ओढू नका. इंच-दीड इंच इकडे, मग लांब तिकडे, नाहीतर उष्णतेने चेसिस वाकते. नाशिकच्या अंबडला चांगले फॅब्रिकेटर आहेत, पण बरेचसे शेड आणि गेट करणारे. त्यांना हे आधी सांगावं लागतं.

सगळी चेसिस बंद करायचा मोह होतो. मी करत नाही. सी-चॅनल थोडं लवचिक असतं, खड्ड्यातला धक्का तेही थोडा खातं. सगळं ताठ केलं की तोच ताण हँगरवर जातो. फक्त स्टिअरिंग बॉक्सपाशी एक-दीड फूट बंद करा, आणि खालून पाणी निघायला भोकं ठेवा. घोटी-इगतपुरीचा पाऊस आत साठला तर आतून गंज खातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पार्टची यादी करताना मी एकच विचारतो: रविवारी संध्याकाळी घोटीत गाडी बंद पडली, तर हा पार्ट तिथे मिळेल का? बेअरिंग, व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, होज पाइप, फॅन बेल्ट, सगळ्याला हीच चाळणी. बोलेरो आपल्या नाशिकमध्येच बनते, तिचं सामान गावोगाव मिळतं. पण "बोलेरोचं बसतं" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, जुना पार्ट पिशवीत घालून दुकानात न्या.

टायर मात्र सगळ्यात आधी घ्या. टायर ठरला की उंची ठरते, उंची ठरली की पाटे. गाडी थोडी खाली बसवायची असेल तर चार माणसं बसवून बघा: ॲक्सल आणि चेसिसमध्ये 3 इंच तरी उरले पाहिजेत. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोनही तपासा. तो बिघडला तर खड्ड्यात चाक वर जाताच स्टिअरिंग हातात आपोआप फिरतं.

ब्रेकवर काटकसर नाही. चारही ड्रम उघडा, पाइप नवे टाका. रेडिएटर खोलून कोअर (आतली जाळी) साफ करून घ्या. मे महिन्यात दुपारी द्वारका सर्कलला अडकलात की कळेलच का ते.

रंग शेवटी. प्रायमरवरच महिनाभर गाडी कामावर न्या. कुठे पाइप घासतोय, कुठलं ब्रॅकेट हलतंय, ते तेव्हाच कळतं, आणि प्रायमरवर वेल्ड मारायला मन कचरत नाही.